मेलचा भोंगा

सुबोध, तो भोंगा आधी खाली ठेव. टेबलावर नको, जमिनीवर. आणि त्याची बॅटरी काढ. मागचं बटण दाब, सरकव... हां. ती इथे माझ्यासमोर ठेव, मला दिसेल अशी.

हसू नका रे. सिक्सर गेला की वाजवायला आणलायस, ते कळलं मला. उद्या अंडरआर्मची फायनल आहे, उद्या थाळ्या बडवा, शिट्ट्या मारा, घसा फुटेस्तोवर ओरडा, परबकाका काही बोलणार नाही. पण हे नाही. दहा वाजले म्हणून मॅच थांबवली ना आपण? घरी जाऊन तरी काय, मोबाइलच बघणार आहात. बसा. अक्षता, तू खुर्ची घे, पायरी गार आहे. देवव्रत, तू तो वडापाव संपव आधी, कागदाचा आवाज नको मला मधे मधे.

गोष्ट माझी नाही. निलेशची आहे. मी फर्निचर आणि फॉल्स सीलिंगची कामं घ्यायचो तेव्हा तो माझ्याकडे होता. भुताची म्हणा, नका म्हणू. मी स्वतः असल्या गोष्टी मानणारा नाही. रिकाम्या बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावर एकटा झोपलोय मी, साइट सांभाळायला. कधी काही दिसलं नाही. एकदा एक घूस दिसली होती, तिलाच मी जास्त घाबरलो.

तर निलेश. जोगेश्वरी ईस्टला राहायचा, रुळाला लागून असलेल्या चाळीत. माझं त्या घरी जाणंयेणं जुनं. तो आणि त्याची बायको गंधाली. तिला तेव्हा सातवा लागला होता. निलेशच्या हातात कला होती. लॅमिनेटची कड अशी बसवायचा की जोड नखाने शोधावा लागे. पण खोडकर. कुणाच्या डब्यात स्क्रू टाक, कुणी शिडीवर चढला की खालून शिडी हलव. मी ओरडायचो आणि मग मलाच हसू यायचं. तिथेच चुकलं माझं, पण ते नंतर.

तारीख सांगतो. १२ जानेवारी २०२३, गुरुवार. अमावस्या नव्हती, पौर्णिमाही नव्हती, उगाच तिखटमीठ कशाला लावू? मालाडला साइट होती. संध्याकाळी सातला आवराआवर चालली होती, तेव्हा निलेश म्हणाला, "काका, तुमची एक बॅटरी नेऊ का? सकाळी आणतो."

"कशाला?"

"पार्सलने एक खेळणं आलंय. टेस्ट करायचंय. माझ्या दोन्ही डाउन आहेत."

साइटवर पाच माणसांच्या पाच ड्रिल असतात आणि बॅटऱ्या सगळ्यांच्या एकसारख्या. संध्याकाळी कुठली कुणाची कळत नाही, त्यावरून हाणामारीची वेळ येते. म्हणून जो तो आपापली खूण करतो. कुणी टेप लावतो, कुणी नाव कोरतो. माझ्या बॅटऱ्यांवर आमच्या प्रेमाचं, म्हणजे बायकोचं, नेलपॉलिश असायचं, वांगी रंगाचा एक ठिपका. ती म्हणायची, "मला कधी आणून दिलं नाहीत, आणि माझं ते बॅटऱ्यांना फासता." त्यातलीच एक, कोपऱ्याचा टवका उडालेली, मी निलेशला दिली. भरलेली. चारही दिवे लागत होते.

ते खेळणं म्हणजे हेच. चार कर्णे, मधे छोटा कॉम्प्रेसर, ड्रिलसारखी मूठ, खाली बॅटरी. घोडा दाबला की लांब पल्ल्याची मेल अंगावर आल्याचा आवाज. दोन हातात मावतं आणि आवाज अख्ख्या स्टेशनाचा.

आता अण्णा कोण ते सांगतो. नंदकिशोर गावडे. निलेशच्या शेजारच्या खोलीत राहायचे, ते आणि जयंतीकाकी. कणकवलीकडचे. रेल्वेत कीमन म्हणून रिटायर झालेले. कीमन म्हणजे हातोडा खांद्यावर टाकून रोज आपला ठरलेला पट्टा चालायचा आणि रुळाला घट्ट धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील त्या ठोकायच्या. तेहेतीस वर्षं ते काम केलं त्यांनी. अंगावर एक ओरखडा नाही. त्याची त्यांना फार घमेंड होती आणि ती असावी अशीच होती.

चाळीतून वेस्टला जायचं तर पुलाला वळसा दहा मिनिटांचा. भिंतीला भगदाड होतं, त्यातून दोन मिनिटं. चूक आहे, गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळी चाळ तिथूनच जायची. अण्णाही रोज रात्री जेवून तिथूनच पान खायला जायचे. पोरांना शिकवायचे, "उजेड फसवता. आवाज फसवणा नाय." लोकलचा भोंगा कुठला, मेलचा कुठला, कुठल्या लाइनवर आहे, सगळं मान न वळवता सांगायचे. काकींना त्यांनी एकच नियम घालून दिला होता. मेलचो भोंगो ऐकलंस की इचार करू नको, दोन पावलां मागे ये. चाळीस वर्षं काकी तो नियम पाळत होत्या. बाजारात ट्रकने हॉर्न मारला तरी दोन पावलं मागे यायच्या, आम्ही हसायचो.

आणि एक. अण्णा पानवाल्याकडून वर थोडा चुना घेऊन यायचे, येता येता बोटावरून चाखायचे आणि उरलेला भगदाडाच्या बाजूच्या लोखंडी खांबाला पुसायचे. रोजचं एक बोट. खांब तेवढ्या जागी पांढरा झाला होता. कधी घराच्या चौकटीला पुसायचे, मग काकींच्या तोंडाचा पट्टा सुरू. लक्षात ठेवा हे.

त्या गुरुवारी रात्री दोघांचं भांडण झालं. अण्णांना गावी जाऊन राहायचं होतं, काकींना मुंबई सोडवेना. रोजचंच भांडण. पण त्या दिवशी काकी म्हणाल्या, "तुमी एकटेच जावा. कायमचे जावा." चाळीच्या भिंती त्या, सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी ताट तसंच सारलं, चपला घातल्या आणि निघाले.

निलेश तेव्हा आधीच भगदाडापाशी होता, भिंतीच्या आतल्या अंगाला, अंधारात. तिथे का? तर घरात वाजवला तर चाळ अंगावर येईल, आणि रुळाजवळ भोंगा वाजला तर कोण कशाला बघायला येतंय? त्याचं डोकं असं चालायचं. तो घोडा दाबणार तेवढ्यात अण्णा बाजूने गेले. त्यांनी त्याला पाहिलं नाही. आणि निलेशच्या मनात आलं, रोज सांगतात ना कानाने गाडी ओळखतो म्हणून... बघू आज.

एवढंच. दुसरं काही नव्हतं त्याच्या मनात. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.

दहा वाजून बेचाळीस मिनिटं. अण्णांनी पहिली लाइन पार केली. दुसरी पार केली. तिसरीच्या कडेला आले. ती मेलची लाइन. निलेशने घोडा दाबला.

अण्णांनी मान वळवली नाही. त्यांना गरजच काय? कान होते ना. ते आपल्या नियमाप्रमाणे बरोबर दोन पावलं मागे आले.

दुसऱ्या लाइनवर लोकल होती. मोटर बंद करून नुसती घरंगळत येणारी. तिला आवाज नसतो. तिने शिट्टी दिली असेल, पण निलेशचा भोंगा चालू होता...

पुढचं सांगत नाही. पोटात अन्न आहे तुमच्या.

निलेश पळत घरी आला. भोंगा माळ्यावर टाकला. गंधालीने विचारलं, काय झालं, तर म्हणाला, काही नाही. पाच मिनिटांत खाली आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा तोही इतरांसारखा धावत गेला. सकाळी त्याने मला बॅटरी परत दिली. "झालं का टेस्टिंग?" मी विचारलं. मानेने हो म्हणाला. मला वाटलं, शेजारी गेला म्हणून गप्प आहे.

आणि मग चाळीत ते सुरू झालं. जो माणूस तेहेतीस वर्षं रुळावर चालला, त्याला गाडी कळली नाही? शक्य आहे का? मुद्दाम गेला. बायको काय म्हणाली ऐकलंत ना, कायमचे जावा. तो गेला. समोर कुणी बोलत नव्हतं, पण नळावर काकी आल्या की बायका गप्प व्हायच्या. काकींना ते कळत होतं. त्यांचं स्वतःचंही मत तेच होतं. त्यांनी जेवण सोडलं. रात्री साडेदहाला दार उघडून उंबऱ्यावर बसायच्या, ताटात अण्णांचा भात वाढून. अकराला भात कुत्र्याला घालायच्या.

एक माणूस होता ज्याला खरं माहीत होतं. तो शेजारच्या खोलीत होता आणि दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत होती.

दहाव्याला मीही गेलो होतो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, आठ-दहा तरी. एक खाली येईना. मुलगी म्हणाली, आईला मी सांभाळीन. नाही. भाऊ म्हणाला, गावच्या घराचं छप्पर करतो. नाही. काकी पुढे झाल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "माजी जीभ झडांदे. माका माफ करा." तेव्हा एक कावळा खाली उतरला. पिंडाच्या हातभर अंतरावर आला. आणि पिंडाकडे न बघता आमच्याकडे बघत राहिला. मग उडून गेला. दोन तास उन्हात उभे होतो आम्ही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मी निलेशकडे बघितलं, तर त्याच्या शर्टाला पुढून पाठीमागून घाम. मला वाटलं ऊन लागलं.

त्याच रात्री पहिल्यांदा वाजला.

निलेश जेवायला बसला होता. दहा बेचाळीस. माळ्यावर. एकच, छोटा. गंधाली म्हणाली, "मेल गेली वाटतं, किती जवळून." निलेशचा घास हातात राहिला. माळ्यावर चढला. भोंगा होता तिथेच, गोणपाटाखाली. बॅटरीची जागा मोकळी. बॅटरी तर माझ्याकडे होती, कांदिवलीला.

दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री परत. चौथ्या दिवशी त्याने भोंगा पिशवीत घालून मालाडला आणला, स्क्रू खोलून कॉम्प्रेसर वेगळा केला, कर्णे वेगळे केले आणि भंगारात देऊन टाकला. मी बघत होतो. "का रे, नवीन ना?" म्हटलं. "बिघडला," म्हणाला.

त्या रात्री माळ्यावर नाही वाजला. भगदाडाकडून वाजला.

इकडे माझ्या घरी वेगळाच वैताग. रोज रात्री मी बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, सकाळी चार दिवे. त्या वांगी ठिपक्यांच्या बॅटऱ्यांपैकी एक रोज सकाळी रिकामी. बटण दाबलं तर एक दिवा नाही. चार्जर बदलला, प्लग बदलला. सेल गेला म्हणावं तर दिवसा लावली की व्यवस्थित भरते आणि दिवसभर ड्रिल चालवते. रात्रीच कुणीतरी तिला पिऊन टाकल्यासारखं. प्रेमा म्हणाली, "नेलपॉलिश माझं, बॅटरी तुमची, मधे नजर कुणाची लागली?" आम्ही हसलो.

मी हे निलेशला सांगितलं. सहज, चहा पिता पिता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्याने विचारलं, "कुठली बॅटरी?" म्हटलं, तू नेली होतीस तीच, टवक्याची. तो लाद्यांच्या ढिगाऱ्यावर खाली बसला आणि सगळं बोलला. पहिल्यापासून. रडत नव्हता, नुसता बोलत होता. शेवटी म्हणाला, "काका, मी काकींना सांगतो. ती बाई मरेल अशाने."

आता मी काय बोललो ते ऐका. मी म्हटलं, "गप्प बस. झालं ते झालं. अण्णा काही परत येणार नाहीत. बायकोला आठवा लागतोय, पोलिसात गेलास तर तिचं कोण बघणार? म्हातारीचं काय, दोन महिने रडेल आणि गप्प होईल." असं म्हणालो मी. म्हातारी. ज्या बाईच्या हातचं मी पाच वेळा जेवलो होतो.

त्याने माझं ऐकलं. मोठा मानायचा मला. त्याने ऐकलं...

९ फेब्रुवारी. गुरुवारच. दुसऱ्या दिवशी अण्णांचं मासिक होतं. निलेश साइटवरून उशिरा निघाला, जोगेश्वरीला उतरला तेव्हा साडेदहा होऊन गेलेले. चाळीत शिरला. काकींचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर ताट होतं. भात वाढलेला. काकी नव्हत्या.

आत बघितलं. नाही. मोरीत नाही. गंधाली म्हणाली, "आत्ता तर इथे होत्या. मला म्हणाल्या, ह्येंका आणूक जातंय."

तो धावला.

भगदाडातून बाहेर आला तर काकी दिसल्या. अनवाणी. पहिली लाइन पार केलेली. दुसऱ्या लाइनच्या मधोमध उभ्या. तोंड वेस्टला. तो ओरडला, "काकी!" ऐकलं नाही. पुन्हा ओरडला.

डावीकडे लोकलचा दिवा. बिनआवाजाची. घरंगळत.

तीस पावलांचं अंतर. त्याला कळलं, पोचत नाही आपण.

हातात काही नाही. भोंगा भंगारात. खिशात मोबाइल, त्याचा काय उपयोग...

आणि वाजला.

त्याच्या मागे. अगदी मागे, खांबापाशी. छोटा नाही. लांब. निलेश म्हणाला, पाठीत वारा लागला त्याचा. गरम. आणि त्या वाऱ्याला पानाचा वास होता.

काकींनी मान वळवली नाही. चाळीस वर्षांची सवय. दोन पावलं मागे आल्या.

लोकल समोरून गेली. बारा डबे. काकींचा पदर उडत होता.

मग सगळं गप्प. निलेशने मागे वळून बघितलं. खांब होता. बाकी काही नव्हतं.

तो काकींजवळ गेला आणि तिथेच, खडीवर गुडघे टेकून, सगळं सांगितलं. मी मारलं म्हणाला. तुमच्या बोलण्याने नाही, माझ्या भोंग्याने. त्याला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसावी असंही वाटलं. काकी खाली वाकल्या आणि एवढंच विचारलं.

"म्हणजे ते... रागान नाय ना गेले?"

"नाही काकी. पान खायला चालले होते."

तेव्हा त्या रडल्या. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. निलेशचाच हात धरून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मासिकाला सगळी चाळ गच्चीवर जमली, तेव्हा काकी निलेशला म्हणाल्या, "माका सांगितलंस ता सगळ्यांका सांग." त्याने सांगितलं. अण्णांच्या पुतण्याने त्याला सगळ्यांसमोर मारलं, गंधालीने तोंड झाकून घेतलं. मग तो आपल्या पायांनी पोलीस स्टेशनला गेला. केस अजून चालू आहे, ते चाळीतून उठून लांब राहायला गेले, पोरगी पावणेतीन वर्षांची झाली. सोपं नाही गेलं त्याला. पण झोपतो. मी विचारलं होतं. म्हणाला, "काका, झोप येते." आणि त्या दिवशी गच्चीवर कावळ्याचं जेवणाचं पान मांडून हात धुवायच्या आत कावळा आला होता. हे मी पाहिलेलं आहे.

तुम्हाला वाटलं, संपलं.

त्या नऊ तारखेच्या रात्री मी घरी होतो. इथेच, कांदिवलीला, तिसरा मजला. थंडी म्हणून खिडक्या बंद. दाराला आतून कडी. प्रेमा झोपली होती. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा बॅटरी चार्जरवर होती, चारही दिवे लागलेले. भरलेली. मी ग्लास तोंडाला लावला आणि दिवे गेले. चौथा. मग तिसरा. मग दुसरा. एकेक करून, सावकाश. शेवटचा जरा थांबून गेला. भिंतीवरच्या घड्याळात दहा बेचाळीस.

सव्वाअकराला निलेशचा फोन आला. मी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि परत स्वयंपाकघरात गेलो, बॅटरी हातात घेतली.

वांगी ठिपक्याच्या शेजारी चुन्याचं बोट होतं.

आमच्या घरात पान कुणी खात नाही. चुना घरात नाही. मी ट्यूबखाली धरून बघितलं. वरून खाली ओढलेलं एक बोट, खाली जरा जाड. खांबावर असायचं तसंच. मी अंगठा लावला. ओला होता.

पुसला मी. थिनरने पुसला, पॉलिश पेपरने घासला, प्लास्टिकचा थर निघाला तिथला. सकाळी परत होता.

निलेशने सांगितलं आणि तो मोकळा झाला. काकींना काय ते कळलं, त्या मोकळ्या झाल्या, आता गावी असतात. दर मे महिन्यात मला फणस पाठवतात. फोनवर म्हणतात, "परबांनू, तुमी पोराक सांभाळलात, देव तुमचा भला करांदे." आणि मी हो हो म्हणतो. निलेशने त्यांना सगळं सांगितलं, पण एक गोष्ट नाही सांगितली. गप्प बस असं त्याला कुणी सांगितलं होतं, ते. त्याने माझं नाव घेतलं नाही. आणि मी तर काय... मी फणस खातो. ती बाई माझ्या शब्दापायी रुळावर जाऊन उभी राहिली होती. येत्या बारा तारखेला अण्णांना तीन वर्षं होतील. दर वेळी म्हणतो, ह्या खेपेला फोन आला की सांगेन.

आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तुम्हाला. पण सांगायचं तुम्हाला नव्हतं.

किती वाजले, देवव्रत? असू दे, नको सांगू.

अक्षता, ती माझी पिशवी दे जरा. आतली बॅटरी काढ. मी कुठेही गेलो तरी सोबत असते, घरी ठेवून येववत नाही. चार्ज होत नाही आता ती, मेलेली आहे. चुना किती दिवसांत वाळतो गं? एका दिवसात? दोन? ठिपक्याच्या शेजारी बोट लावून बघ. घाबरू नकोस, लाव.

का गं... बोल ना. ओलाच आहे ना?